मासोळीचं पथ्य

हातानं सांगितलं.

तलावात आता मधोमध तेवढं पाणी उरलं होतं. तिथवर जायचं तर गुडघाभर गाळ तुडवावा लागत होता. मे महिना अर्ध्यावर आला होता. पिंपळटोल्याचे ढिवर दर उन्हाळ्यात याच दिवसांत शेवटची मासेमारी करतात. पाणी थोडं, मासोळी कोंडलेली, आणि सगळी वस्ती उजाडल्यापासून तलावात. शामकलानं रिकामी टोपली डोक्यावर घेतली, रविताला काखेत उचललं आणि गाळात पाय टाकला. तेवढ्यात हातानं सांगितलं. कमी.

शामकला बाजारात मासोळी विकायची. तराजूत टाकायच्या आधीच मासोळीचा भार तिच्या मनगटाला कळायचा. त्यात नवल काही नाही, बाजारात बसणाऱ्या सगळ्याच बायांना कळतो. पण मासोळी कमी भरली तर वरून अजून एक टाकता येते.

तिनं रविताला दुसऱ्या काखेत घेतलं. त्या हातानंही तेच सांगितलं.

रविता नऊ वर्षांची. बघणारा सहाची म्हणायचा. गुडघे मोठे, पोटऱ्या नाहीतच, आणि मानेवर डोकं असं की वाऱ्यानं डुलेल. शामकला तिची मोठीमाय, म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको. बाप चुन्नीलाल आणि आई भागीरथा एकाच आजारानं गेले, आणि जाताना तो आजार पोरीच्या रक्तात ठेवून गेले. एचआयव्ही. हे नाव घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. ते शामकलाला ठाऊक होतं आणि तिच्या नवऱ्याला, टिकारामला. रविताला एवढंच ठाऊक होतं की आपल्याला रोज रक्ताची गोळी घ्यावी लागते. गावाला सांगितलं होतं सिकलसेल. या भागात सिकलसेल घरोघरी आहे, कुणी पुढं विचारत नाही.

पाण्याच्या कडेला फुलवंता लहानमोठी मासोळी निवडत बसली होती. जाळ्यातून निघालेली बारकी मासोळी पोरांनी तिथंच काटक्यांवर भाजायला टाकली होती. वास सगळ्या तलावावर पसरला होता.

"काऊन वो शामकला," फुलवंता मान वर न करता म्हणाली, "तुयी पोट्टी वाढून राहिली का उलटी जाऊन राहिली?"

"सिकलसेल हाये ना बाई तिले."

"सिकलसेल त माया भाच्यालेही हाये. बैलावानी झाला तो." फुलवंतानं विस्तवातली एक मासोळी बोटांनी उचलली, फुंकली, आणि पुढं केली. "घे वो रविता. गरम हाये, फुकून खा."

रविताचा हात पुढं गेला. शामकलानं त्या हातावर चापट मारली. मासोळी गाळात पडली.

"मासोळी नाई चालत तिले! पथ्य हाये!"

कामाला लागलेल्या बाया थांबल्या.

"ढिवराच्या पोरीले मासोळीचं पथ्य," फुलवंता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आता सांगा! मंग सुताराच्या पोराले लाकडाचं असन!"

बाया हसल्या. शामकलाही हसली. हसली नसती तर कुणीतरी पुढं विचारलं असतं, आणि पुढं विचारलं असतं तर

*

काय सांगायचं ते तिच्यापाशी नव्हतं.

पलीकडच्या एका गावात एका घरी हाच आजार निघाला होता. त्या घरच्या दुधाला गिऱ्हाईक उरलं नाही. म्हशी विकून ते घर कुठं गेलं, कुणी विचारलंही नाही. दूध तरी उकळून पितात. मासोळी हातानं खवलायची, हातानं कापायची, हातानं गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायची. तिच्या टोपलीकडं मग कोण वळणार होतं?

आणि उद्या गोंदियाला जायचं होतं. गोळ्या आणायला, आणि वजनाच्या काट्यावर उभं राहायला.

मागच्या खेपेला सरकारी दवाखान्यातल्या सेंटरच्या समुपदेशक रंजिता मॅडमनी सांगितलं होतं, "वजन थांबलंय, ताई. पुढच्या वेळी घटलेलं दिसलं तर भरती करावं लागेल." मॅडम समजावून सांगणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या. पण भरती म्हणजे काय, हे शामकलाला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. भरती म्हणजे खाट. खाटेवर पोरगी. गावातून कुणीतरी गोंदियाला येणार, भेटायला म्हणून वॉर्डात येणार, केळी घेऊन. कोणता वॉर्ड, कोणते डॉक्टर, काय औषध. आणि संध्याकाळच्या गाडीनं ती गोष्ट पिंपळटोल्यात.

दुपारी घरी सगळे जेवायला बसले. टिकारामच्या ताटात रोहूचा रस्सा, भाताच्या ढिगात मोठा तुकडा. शामकलाच्या ताटात डोकं. रविताच्या वाटीत पेज आणि मीठ. रविता एकेक घोट घेत होती आणि प्रत्येक घोटाआधी नाकानं ओढून श्वास घेत होती. शामकलाला ते दिसलं. सर्दी असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

*

भागीरथा कशी गेली, गावाला माहीत आहे ते:

चुन्नीलाल आंध्रात बांधकामावर गेला, तिकडून खोकत आला, खोकतच गेला. मागून त्याची बायको वाळत गेली. गोंदियाला नेलं, औषध चालू केलं. तोवर उशीर झाला होता. तीही गेली.

भागीरथा कशी गेली, शामकलाला माहीत आहे ते:

भागीरथाची गोळी नुकती चालू झाली होती. तोंडाला चव नव्हती. ती म्हणाली, "बाई, मरळीचा रस्सा खावासा वाटते." मरळ म्हणजे ढिवराच्या घरची आजाऱ्याची मासोळी, काटे कमी, मांस घट्ट. शामकलानं स्वतः रांधली. स्वतःच्या हातानं भरवली. भागीरथानं वाटी पुसून खाल्ली. मग उलटी झाली, मग दुसरी झाली, मग ताप चढला, आणि तो उतरलाच नाही.

गोळीवर मासोळी. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. टिकारामलाही नाही.

कावीळ झाली की वैदू मुळी देतो आणि मुळीबरोबर पथ्य देतो. मासोळी नाही, अंडं नाही, तेलाची फोडणी नाही. मुळी संपली की पथ्य सुटतं. भागीरथाच्या मागे दीड वर्षाच्या रविताची गोळी चालू झाली तेव्हा डॉक्टरांनी पथ्य सांगितलं नाही. सांगायचं राहिलं असेल, असं शामकलाला वाटलं. एवढं मोठं औषध, त्याला पथ्य नाही असं कसं होईल? तिनं आपल्या मनानं लावलं. मासोळी बंद, अंडं बंद, तेल बंद. टिकारामला म्हणाली, डॉक्टरनं सांगितलं हाये.

गोळी काही संपली नाही. पथ्यही संपलं नाही.

*

संध्याकाळी टिकाराम मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला गेला. त्याचं जाळं अंगणात वाळत पडलं होतं. शामकलानं विळी घेतली.

जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. त्यांच्या भारानं जाळं तळाशी बसतं. एका कोपऱ्यातल्या गोळ्या तिनं दोरा कापून काढल्या. मूठभर. मग रविताचा जाडा परकर घेतला, त्याचा दुमडलेला काठ उसवला, एकेक गोळी आत सरकवली आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंनी टाका घातला. एकमेकींवर वाजू नयेत म्हणून.

परकर हातावर तोलला. अजून थोड्या काढल्या.

सुई बोटात गेली. बोट तोंडात धरून ती तशीच बसून राहिली. आपण हे कशासाठी करतो आहोत ते तिला नीट ठाऊक होतं. काट्यावरचा आकडा वाढलेला दिसला की भरती टळेल. पोरगी घरी राहील, टोपली चालेल, चूल पेटेल. पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात. फक्त एक गोष्ट ती मनात येऊ देत नव्हती. आकडा वाढला तरी पोरगी

*

"जड लागते, मोठीमाय."

"लागू दे. गाडीत बसून त हायेस."

"पायाले गार गार लागते."

"गप. लोकं पाहून राहिले."

अर्जुनीहून सुटलेली पॅसेंजर. खिडकीबाहेर धानाची कोरडी बांधी, मोहाची झाडं, शेतातल्या पाण्याची एखादी आटलेली बोडी. डब्यात चणे विकणारा हिंदीत ओरडत होता.

"मॅडमनं विचारलं, काय खातेस, त काय सांगशीन?"

"सगळं खातो."

"सगळं म्हंजे?"

"भात, वरन, भाजी, अंडा, मासोळी."

"बराबर."

"मोठीमाय, अंडा कसा लागते?"

"काऊन?"

"विचारलं त सांगा लागन ना."

"कोनी नाई विचारत तसं."

"अना मासोळी?"

"गप बस म्हटलं ना तुले!"

"वासावानीच लागत असन," रविता खिडकीकडं तोंड करून म्हणाली.

*

सेंटरच्या बाहेरच्या बाकावर शामकला पदर तोंडावर ओढून बसली. इथं बसणारे सगळेच कुणीतरी ओळखीचं दिसू नये म्हणून जमिनीकडं बघत बसतात. एका म्हाताऱ्याच्या खोकल्यानं ती दर वेळी दचकत होती. कुणी हाक मारली नाही तरी तिला हाक ऐकू येत होती.

मग खरंच हाक आली.

नर्स तरुण होती. "चप्पल काढ बेटा. चढ."

रविता काट्यावर चढली. परकराचा काठ तिच्या घोट्यांवर लोंबत होता, जरा जास्तच सरळ. काट्यातले लाल आकडे हलले, थांबले.

"अरे वा!" नर्स म्हणाली. "मस्त वाढलं की! काय खाऊ घालताय?"

शामकलानं तोंडावरचा पदर खाली सोडला. नर्सनं कागदावर आकडा लिहिला आणि म्हणाली, "डॉक्टर आता गोळी बदलतील बघा. वजन वाढलं की डोस वाढतो."

"म्हंजे?"

"म्हणजे वजनाप्रमाणे औषध. जास्त वजन, जास्त औषध. इकडं ये बेटा, उंची बघू."

जास्त औषध. शामकलाच्या डोळ्यांपुढं रविताचं पोट आलं, वीतभर रुंदीचं, आणि त्यात ती मोठी गोळी. तिला बोलायचं होतं. पण बोलायचं तर शिशाचं सांगावं लागलं असतं.

उंची घेतली. नर्सनं मागचा आकडा बघितला; तेवढाच होता. मग एक फीत काढली, रविताच्या दंडाला गुंडाळली, ओढली. पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली.

"दंड तर घटलाय." तिनं रविताकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. "वजन वाढलं आणि दंड घटला? काटा बिघडला वाटतं. थांब, परत चढ. हा परकर केवढा जाड आहे गं, काढ तो. चड्डी राहू दे."

"नोको," शामकला म्हणाली. "लाजते ते."

"लहान तर आहे. काढ बेटा."

रविताला कुणी काही सांगितलं की ती करायची. तिनं नाडी सोडली. परकर खाली पडला आणि फरशीवर वाजला. कापड वाजतं तसा आवाज नव्हता तो.

नर्सनं वाकून काठ चाचपला. दुसऱ्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. दारातून तो खोकणारा म्हातारासुद्धा बघत होता. रविता काट्यावर उघड्या पायांनी उभी होती, मांड्यांपेक्षा गुडघे जाड, आणि खाली आकडे हलून थांबले होते. ते कुणी मोठ्यानं वाचले नाहीत.

"हे काय आहे ताई?"

"जाळ्याचं शिसं," रविता म्हणाली. कुणीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून.

*

रंजिता मॅडमची खोली लहान होती. पंखा फिरत होता आणि त्याला आवाज होता. परकर टेबलावर ठेवला होता.

मॅडम चिडल्या होत्या. त्यांना चिडायची सवय नसावी, आवाज चढत होता आणि मध्येच पडत होता. "तुम्हाला कळतं का काय झालं असतं? खोट्या वजनावर खरं औषध दिलं असतं आम्ही! आणि पोरगी आतून घटतेय, ते दिसलंच नसतं! वजन घटलं की आम्ही क्षय आहे का बघतो, गोळी चालते की नाही बघतो. तुम्ही तर आमचे डोळेच बांधले!"

शामकला पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

मॅडम पाणी प्यायल्या. मग रविताला जवळ घेतलं. "काय खातेस बेटा?"

"सगळं खातो. भात, वरन, भाजी, अंडा, मासोळी."

"शहाणी. काल काय खाल्लं?"

रवितानं शामकलाकडं बघितलं. कालचं काही ठरलं नव्हतं.

"पेज."

"आणि परवा?"

"पेज. मीठ होतं."

"तुमच्याकडे तर तलावातली मासोळी निघतेय ना आता? मासेच मासे." मॅडम हसायचा प्रयत्न करत होत्या. "तुला मासोळीत काय आवडतं?"

"वास," रविता म्हणाली.

मॅडमनी हळूच शामकलाकडं तोंड वळवलं.

"तुम्ही ढिवर. मी दर वेळी म्हणायचे, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, तुमच्या घरी मासोळी आहेच. तुम्ही मान हलवायचात." त्यांनी रविताचा दंड बोटांत धरला. "देत नाही तुम्ही हिला?"

"पथ्य हाये ना, मॅडम."

"कुणी सांगितलं?"

"कोनी नाई. औषध म्हटलं का पथ्य असतेच."

"किती दिवसांचं पथ्य?"

"औषध हाये तवपर्यंत."

"ताई, हे औषध जन्मभर आहे."

शामकलाला ते ठाऊक होतं. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, गोळी कधीच बंद करायची नाही. पण गोळीचं जन्मभर आणि पथ्याचं जन्मभर या दोन गोष्टी तिनं कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. आता ठेवल्या. पुढची सगळी वर्षं दिसली, आणि त्यांच्या कडेला वाटी घेऊन बसलेली रविता, नाकानं श्वास ओढणारी.

मग ती बोलायला लागली. भागीरथाची मरळ. वाटी पुसून खाल्ली ती. उलटी. ताप. "मॅडम, मायाच हातानं गेली ते. गोळीवर मासोळी देली मी."

मॅडमनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तिची फाईल मी बघितलेली आहे. तिला क्षय होता, पार पसरलेला. फार उशिरा आणलं होतं. मासोळीनं काही झालं नाही ताई. उलट तेवढंच एक सुखाचं जेवण तिच्या वाट्याला आलं असेल."

शामकलानं मान हलवली. तिची मान आधीही अशीच हलायची.

डॉक्टरांनी रविताच्या छातीचा फोटो काढायला लावला, रक्त काढलं, जुने रिपोर्ट चाळले. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा बोलावलं. बोलणं थोडकंच. छाती स्वच्छ आहे. रक्तातला विषाणू दबलेला आहे.

"गोळी आपलं काम करतेय," डॉक्टर म्हणाले. "पोरगी उपाशी आहे."

भरतीचं काय, हे शामकलाला विचारवेना. डॉक्टरांनीच सांगितलं. आठवडाभर घरी बघू. मासोळी, अंडं, दाणे, वरण, वरून तेल. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. आठवड्यानं परत काट्यावर. तेव्हा आकडा हलला नाही, तर मात्र

*

टिकाराम ओट्यावर जाळं पसरून बसला होता. पोरगी झोपेनं लोंबकळत आत गेली.

"उंदीर लागला म्हटलं जाळ्याले," तो म्हणाला. "पन उंदीर शिसं खात नाई. सक्कारी जाळं टाकलं त एका अंगानं पान्यावर तरंगून राहिलं. मासोळी त्याच बाजूनं निंगून गेली, सलाम करत. तो सोसायटीचा प्रफुल सगळ्याइदेखत म्हने, टिकाराम, जाळं टाकून राहिला का चादर वाळू घालून राहिला?"

शामकलानं परकराचं गाठोडं त्याच्यासमोर ठेवलं. मग सगळं सांगितलं. गाडीत बसून एक वेगळी गोष्ट जुळवली होती तिनं, डॉक्टरांनी पथ्य सोडायला सांगितलं एवढीच. पण गाठोडं ठेवल्यावर ती गोष्ट तोंडातून निघालीच नाही.

टिकाराम ऐकत राहिला. परकराचा काठ उसवून एकेक गोळी काढत राहिला.

"तू त म्हटलं होतं, डॉक्टरनं सांगतलं."

"हव."

"अना मी तिच्यासमोर बसून..." त्यानं हातातली गोळी अंगणात भिरकावली. मग उठून ती शोधायला गेला. बराच वेळ वाकून शोधत राहिला.

परत आल्यावर म्हणाला, "उद्या शेवटचा दिस तलावात. मरळ आनतो."

"मरळ नोको."

"मंग काय आनू? घोडा?"

"मरळ नोको म्हटलं ना! दुसरं काहीही आना!"

"मरळच आनतो," टिकाराम म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मरळ आणली. ती गाळात बराच वेळ जिवंत राहते, टोपलीतही शेपटी मारत होती.

"तुमी रांधा," शामकला म्हणाली.

"मले येते का?"

"मंग मी नाई रांधत."

"शामकला."

तिनं राखेनं मासोळी धरली, डोक्यावर वरवंटा मारला, खवलली, कापली. हळद, मीठ, लसूण, थोडं तेल. तेलाची बाटली वाकडी करताना नजर मरळीवर राहिली आणि जास्तच पडलं. रस्सा उकळायला लागला तसा वास घरभर झाला. रविता चुलीशी येऊन बसली. कुणी हाकललं नाही, तेव्हा अजून जवळ सरकली.

वाटी समोर आली तेव्हा तिला काय करायचं ते कळेना. तिनं तुकडा उचलला आणि अख्खा तोंडात घातला.

"काटा! काटा हाये त्यात! थुक!" टिकाराम ओरडला.

रवितानं घाबरून सगळं हातावर काढलं. ढिवराची नऊ वर्षांची पोर, तिला काटा काढता येत नव्हता. या वस्तीत चालायला लागलेलं पोरही जिभेनं काटा बाजूला करतं. टिकारामनं तोंड फिरवलं. मग त्यानंच बोटांनी मांस मोकळं करून दिलं. रवितानं खाल्लं. भात खाल्ला. वाटी पुसली.

वाटी पुसताना बघून शामकला उठून बाहेर गेली.

सावली ओट्यावरून अंगणात उतरेपर्यंत काही झालं नाही. शामकला आत येत होती, पोरीच्या कपाळाला हात लावत होती, बाहेर जात होती. मग रविता उठून बसली, "मोठीमाय" म्हणाली, आणि तिला उलटी झाली.

भात, पिवळं पाणी, मासोळी.

शामकला ओरडली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. तोंडानं एकच चाललं होतं, "तसंच हाये. तसंच हाये. तसंच." टिकारामनं पोरीला धरलं होतं. तोच म्हणाला, फोन लाव मॅडमले.

तिला बटन दाबता येईना. टिकारामनं लावून दिला.

"मॅडम, उलटी झाली."

"केव्हा? गोळी दिली होती का त्याआधी?"

"गोळी राती देतो. दुपारी मासोळी खाल्ली तिनं. मरळ."

"किती खाल्ली?"

"वाटीभर. भात बी."

"अंग गरम आहे? घाम? डोळे कसे आहेत?"

"नाई गरम. डोळे..." शामकलानं बघितलं. रविता टिकारामच्या मांडीवरून तिच्याकडंच बघत होती. "पाहून राहिली."

"ताई, ऐका. इतकी वर्षं पेजेवर असलेलं पोट आहे, त्यात एकदम वाटीभर तेलातलं घातलंत. थोडं थोडं सांगितलं होतं ना. पाणी पाजा. थांबा जरा. मग पुन्हा द्या."

"काय देऊ?"

"मासोळीच. दोन घास. पुन्हा उलटी झाली किंवा ताप आला तर लगेच घेऊन या, मी इथं सांगून ठेवते."

"पुन्हा?"

"पुन्हा."

फोन बंद झाला. फुलवंता कुंपणापाशी उभी होती, वासावर आली असावी. "काय वो, मासोळी रांधली वाटते? पथ्य सुटलं का पोट्टीचं?"

शामकलानं तिच्याकडं बघितलं. आता ही आत येईल, उलटी बघेल, विचारेल. विचारू दे.

"सोडून राहिलो," ती म्हणाली.

रविताला पाणी पाजलं, तोंड पुसलं. ऊन कलेपर्यंत थांबली. मग चुलीवरची भगुणी उतरवली आणि पोरीसमोर बसली. टिकाराम काटे काढून द्यायला पुढं झाला, तिनं त्याला हातानंच थांबवलं. मरळीचा एक तुकडा घेतला. बोटांनी दाबून दाबून बघितला, अलीकडून, पलीकडून, पुन्हा अलीकडून. काटा नव्हता. तरी पुन्हा दाबला. भाताच्या चार शितांत मिसळून लहानसा घास केला.

रवितानं तोंड उघडलं होतं. शामकलाचा हात मध्येच थांबला.

तोंड उघडंच होतं. आत खालच्या ओळीतला एक दात नव्यानं येत होता, अर्धाच वर आलेला, पांढरा. घास थंड व्हायला लागला.

"दे ना वो," रविता म्हणाली.

तिनं दिला. हात मागं घ्यायला अंमळ उशीर झाला, आणि पोरीचे दात घासाबरोबर तिच्या बोटावर बसले. चांगलेच बसले.

"अगं बाई, बोट सोड! बोट हाये ते मायं!"

रविता सोडत नव्हती.